होडीतून पाहिलेला काठ

फ्रेंच निसर्गचित्रकार दोबिन्यीच्या वाझ नदीच्या चित्रात 'काहीच घडत नाही' अशी तक्रार ऐकली, ती मला पटली नाही. ते चित्र कुठून पाहिलंय, ते बघा. काठावरून नाही, पाण्यातून! 1857 मध्ये या गृहस्थाने एक होडी घेतली, तिच्यावर छोटी खोली बांधून स्टुडिओ केला आणि मुलाला सोबत घेऊन सेन आणि वाझ नद्यांवर भटकू लागला. होडीचं नाव 'बोतँ'. म्हणून त्याच्या चित्रांत बहुतेकदा समोर पाय ठेवायलाही जमीन नसते. पाण्याचा रुंद पट्टा थेट आपल्यापर्यंत येतो. झाडांची रांग दूर, बुटकी. उरलेलं सगळं आभाळ आणि त्याचं प्रतिबिंब.

ब्रशचे घाईघाईचे, उघडे ठेवलेले फटकारे तेव्हा अनेकांना खटकले. 1861 साली समीक्षक गोतिएने कुरकुर केलीच, की हा नुसत्या 'इम्प्रेशन'वर, म्हणजे मनावर उमटलेल्या ठशावर, समाधान मानतो. गंमत म्हणजे पुढे तोच शब्द चित्रकलेतल्या एका अख्ख्या चळवळीला, इम्प्रेशनिझमला, चिकटला. त्या चळवळीतल्या मोनेनेही 1870 नंतर पॅरिसजवळच्या आर्जांतयला तसलीच स्टुडिओ-होडी केली.

मला स्वतःला दोबिन्यीची संध्याकाळची चित्रं जास्त आवडतात. दुपारची हिरवळ कधीकधी जरा जडच वाटते.