सातवीच्या मुलांना अपूर्णांक ‘संख्या’ वाटतच नाही. तीन वर्षांचं नियोजन कसं बसवावं?

नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. अडचण सातवीच्या वर्गातली आहे, पण तिचं मूळ सहावीत आणि परिणाम आठवीत दिसतात. म्हणून तिन्ही वर्गांचा विचार करून सल्ला हवा आहे.

मुलं अपूर्णांकांचा गुणाकार चटकन करतात, अंशाला अंश आणि छेदाला छेद. भागाकारात दुसरा उलटा करायचा हेही पाठ आहे. पण २/५ मोठा की १/३, असं विचारलं की बरीच मुलं गप्प होतात. उरलेली ‘२/५, कारण आकडे मोठे आहेत’ असं सांगतात. उत्तर बरोबर, कारण चुकीचं. १/३ + १/४ = २/७ हे तर नेहमीचंच. २/७ हा १/३ पेक्षाही लहान आहे, म्हणजे मिळवल्यावर कमी झालं, आणि ते कुणालाच खटकत नाही. मला खरी काळजी या न खटकण्याची वाटते. दशांशातही तसंच: ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे.

माझ्या मते खालच्या वर्गांपासून एकच चित्र फार वापरलं जातं, वर्तुळाचे समान भाग करून काही रंगवायचे. त्यातून मूल दोन वेगवेगळ्या मोजण्या शिकतं, भाग किती आणि रंगवलेले किती. त्या दोन आकड्यांची मिळून एक संख्या होते, हे त्या चित्रात दिसत नाही. मग ५/४ आला की मुलं विचारतात, “बाई, चार भागांतले पाच कसे घ्यायचे?” प्रश्न अगदी रास्त आहे.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात वाटपातून अपूर्णांक शिकवण्यावर काम झालं आहे. त्याच धर्तीवर मी वर्गात भाकरी वाटायला घेतली. ३ भाकरी ४ जणांत वाटल्या तर प्रत्येकाला ३/४. ५ भाकरी ४ जणांत वाटल्या तर प्रत्येकी एक आणि वर पाव, कुणी अडत नाही. मग विचारलं: ३ भाकरी चौघांत, की २ भाकरी तिघांत, जास्त कुणाला मिळेल? एका मुलीने सांगितलं, “दोन्हीकडे एकच भाकरी कमी पडते. इकडे ती चौघांना मिळून कमी पडते, तिकडे तिघांना. म्हणून चौघांतल्या प्रत्येकाला कमी तोटा.” ना लसावि, ना छेद समान करणं. ३/४ मोठा हे तिने विचार करून काढलं, आणि इतरांना समजावूनही दिलं.

घोडं अडतं ते भाकरीवरून संख्यारेषेवर येताना. ०, १, २ लिहिलेल्या रेषेवर ३/४ दाखवा म्हटलं की काही जण ३ आणि ४ च्या मध्ये खूण करतात. काही जण मधल्या जागा न मोजता रेघा मोजतात, त्यामुळे चारऐवजी तीनच भाग होतात. कागदी पट्ट्या दुमडून अर्धा, पाव, अष्टमांश छान होतात, पण तिसरा आणि पाचवा भाग नीट दुमडता येत नाही. वाटपातून संख्यारेषेकडे नेणारी मधली पायरी कुणी वापरली आहे का? सातवीत परिमेय संख्या (धन-ऋण पूर्णांक आणि अपूर्णांक मिळून) शिकवताना ऋण अपूर्णांक येतात, आणि तिथे रेषेशिवाय भागत नाही.

दुसरा प्रश्न नियोजनाचा. सहावीत अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी हे सुटे सुटे पाठ आहेत. सातवीत परिमेय संख्या पुस्तकाच्या पहिल्या विभागात, समप्रमाण आणि सरळव्याज दुसऱ्या विभागात. मला वाटतं ही सगळी एकच साखळी आहे: वाटप, त्यातून गुणोत्तर, मग शेकडेवारी, मग व्याज. ती सलग शिकवली तर अपूर्णांकाला वेळ देऊनही एकूण तासिका वाढणार नाहीत. पण संकलित चाचणीचे पेपर आता राज्यस्तरावरून येतात, त्यामुळे पहिल्या सत्रातला घटक पुढे ढकलता येत नाही. कुणी पाठांचा क्रम बदलून, तरीही चाचणीपर्यंत सगळं पूर्ण केलं आहे का? केलं असेल तर कोणता पाठ आखडता घेतला? माझ्या मनात जोडस्तंभालेख (शेजारी-शेजारी दोन स्तंभ काढून तुलना दाखवणारा आलेख) थोडक्यात उरकायचा विचार आहे.

आणखी एक. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी हे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे जुने पाढे सातवीला तोंडी घेतले तर उपयोग होईल का? बाजारामुळे पाव, पाऊण, दीड, अडीच हे मुलांना पक्कं माहीत आहे. ‘अडीच किलोचे पैसे’ तोंडी सांगणारं मूल वहीत ५/२ पाहून का थांबतं, यावर काम करावंसं वाटतं. पण पाढा म्हणून घेतला की पुन्हा घोकंपट्टी होईल, अशी भीती आहे.

सराव वाढवा, जादा तास घ्या, असे सल्ले कृपया नकोत. चुकीच्या समजुतीचा सराव वाढवून ती समजूत आणखी घट्ट होते. वर्गात करून पाहिलेलं सांगा: कोणता प्रश्न विचारला, मुलांनी काय उत्तर दिलं, किती तासिका लागल्या. टाचणाचे किंवा मुलांच्या वह्यांचे फोटो असतील तर मुलांची नावं झाकून जरूर टाका. दुसऱ्या सत्राचं नियोजन दिवाळीच्या सुट्टीत पक्कं करायचं आहे, त्याआधी कळलं तर ते तिन्ही वर्गांना लावता येईल.