साडेनऊ सेंटची जाहिरात आणि एक हजार युनिटांची अट

विषय: वीजदराची जाहिरात आणि प्रत्यक्ष बिल
प्रेषक: एक सभासद, केटी

टेक्ससमधील ह्यूस्टन परिसरातील आपल्या मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही वीज कंपनी बदलली. टपालाने आलेल्या पत्रकावर ‘प्रति युनिट साडेनऊ सेंट, बारा महिने स्थिर दर’ असे ठळक अक्षरांत छापले होते आणि फोनवरील विक्री प्रतिनिधीनेही तोच आकडा पुन्हा पुन्हा सांगितला. ऑक्टोबरचे बिल ९३० युनिटांसाठी २०४ डॉलर ९५ सेंट आले, म्हणजे युनिटमागे बावीस सेंट. जाहिरातीतील दराने ते नव्वद डॉलरच्या आत यायला हवे होते. कंपनीला फोन केल्यावर बिल करारानुसार बरोबर असल्याचे उत्तर मिळाले. करार काढून हिशेब मांडला तेव्हा ते खरोखरच बरोबर निघाले, आणि माझी तक्रार नेमकी याच गोष्टीविषयी आहे.

या योजनेत विजेचा मूळ दर युनिटला १६ सेंट आहे. त्यावर तारा आणि मीटर सांभाळणाऱ्या वितरण कंपनीचा आकार युनिटला साडेपाच सेंट आणि महिन्याला पाच डॉलर. महिन्याचा वापर एक हजार युनिटांना पोहोचला, तर बिलातून १२५ डॉलर वजा होतात. त्यामुळे बरोबर १००० युनिटांचे बिल ९५ डॉलर होते, आणि त्यातूनच साडेनऊ सेंटचा आकडा जन्माला येतो. ९९९ युनिटांचे बिल मात्र २१९ डॉलर ७९ सेंट होते. ५०० युनिटांना दर साडेबावीस सेंट पडतो, २००० युनिटांना साडेपंधरा. हजारापेक्षा एक युनिट कमी वापरले की सगळी सूट जाते आणि हजाराच्या पुढे प्रत्येक युनिटाला पुन्हा साडेएकवीस सेंट मोजावे लागतात. म्हणजे जाहिरातीत छापलेला दर हा या योजनेत मिळू शकणारा सर्वांत कमी दर आहे आणि तो वापराच्या एकाच आकड्याला मिळतो. वर्षभरात एखाद्या घराचा वापर बरोबर त्या आकड्यावर किती वेळा येऊन थांबेल, याचा विचार प्रत्येकाने करावा.

उन्हाळ्यात हे लक्षात येत नाही. ऑगस्टमध्ये आमचा वापर १८५० युनिट होता आणि बिल २७७ डॉलर ७५ सेंट आले. एसी दिवसरात्र चालतो, तेव्हा बिल वाढणारच, असे समजून कोणीही ते भरून टाकतो. खरा फटका बसतो तो हवा सुखद असताना, घरात काटकसर केली जाते तेव्हा, किंवा मंडळी डिसेंबरमध्ये तीन-चार आठवडे भारतात जातात तेव्हा. शिवाय मीटरवाचनाचा कालावधी दर महिन्याला सारखा नसतो. तो चार दिवसांनी कमी झाला, तर तेवढ्याच कारणाने वापर हजाराच्या खाली जाऊ शकतो, आणि त्यावर ग्राहकाचे काहीच नियंत्रण नाही.

कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही, कारण अशा योजना विकणारी ती एकटी नाही. आपल्यापैकी आणखी कोणाला असा अनुभव आला असल्यास कृपया कळवावे.

आपली,
केटी येथील सभासद

•

विषय: उत्तर: वीजदराची जाहिरात आणि प्रत्यक्ष बिल
प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, शुगर लँड

प्रिय ताई, सप्रेम नमस्कार.

आपला हिशेब मी कागदावर ताडून पाहिला आणि तो अचूक आहे. मी विजेचा हा खुला बाजार सुरू होण्याआधीपासून येथे राहतो, म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगतो. १९९९ साली टेक्ससच्या विधिमंडळाने सेनेट बिल ७ संमत केले आणि जानेवारी २००२ पासून राज्याच्या मोठ्या भागात घरगुती ग्राहकाला आपली वीज कंपनी निवडता येऊ लागली. तारा, खांब आणि मीटर मात्र पूर्वीसारखेच एका वितरण कंपनीकडे राहिले. ह्यूस्टन परिसरात ती सेंटरपॉइंट, डॅलसकडे ऑन्कोर. विक्रेती कंपनी कोणतीही घेतली, तरी दिवे गेल्यावर येणारी माणसे तीच असतात. म्हणून विक्रेत्या कंपन्यांची स्पर्धा मुख्यतः दर आणि बिलाच्या मांडणीवर चालते.

प्रत्येक योजनेसोबत ‘इलेक्ट्रिसिटी फॅक्ट्स लेबल’ नावाचा कागद देणे कंपनीवर बंधनकारक आहे. त्यात ५००, १००० आणि २००० युनिटांच्या वापराला सरासरी दर किती पडेल, हे छापावे लागते, आणि सूट किंवा किमान वापराचा दंड असेल तर तोही लिहावा लागतो. वीजयोजनांची तुलना करता येणाऱ्या राज्याच्या ‘पॉवर टू चूज’ या संकेतस्थळावर अशी सूट किंवा दंड असलेल्या योजना यादीतून वगळण्याची सोय आहे. ‘स्मार्ट मीटर टेक्सस’ या संकेतस्थळावर नाव नोंदवले की आपल्या घराचा वापर दर पंधरा मिनिटांच्या हिशेबाने पाहता येतो. आणखी एक गोष्ट सांगतो. ‘स्थिर दर’ असे लिहिलेले असले तरी वितरण कंपनीचा आकार बदलला, तर तो बदल बिलात येऊ शकतो, आणि नियमांनुसार ते चालते.

माझे मत स्पष्टपणे मांडतो. जाहिरात दिशाभूल करणारी आहे, हे मला मान्य आहे. तरीही सगळी माहिती त्या कागदावर असते, आणि आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या लोकांनी तो वाचल्याशिवाय करार करू नये.

आपला,
शुगर लँड येथील सभासद

•

विषय: उत्तर: वीजदराची जाहिरात आणि प्रत्यक्ष बिल
प्रेषक: एक नवीन सभासद, सायप्रेस

सर्वांना नमस्कार,

आम्ही नुकतेच सॅन अँटोनियोहून येथे राहायला आलो. तेथे वीज शहराच्या मालकीच्या सीपीएस एनर्जीकडून येते आणि कंपनी निवडण्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे हे सगळे आम्हाला नवीन आहे. परवा दारावर आलेल्या विक्री प्रतिनिधीने रात्री वीज मोफत देणारी योजना सुचवली आणि आमचे जुने बिल पाहायला मागितले. सासूबाई आणि सासरे दोघेही आमच्याकडे असतात आणि दिवसभर घरी असतात. अशी योजना घ्यावी का? आणि घेतल्यावर पटली नाही, तर बाहेर पडता येते का?

•

विषय: उत्तर: वीजदराची जाहिरात आणि प्रत्यक्ष बिल
प्रेषक: एक सभासद, केटी

सप्रेम नमस्कार,

आधी सायप्रेसच्या ताईंच्या प्रश्नाचे उत्तर देते. दारावर आलेल्या माणसाला बिल दाखवू नका. बिलावर आपल्या मीटरचा ‘ईएसआय आयडी’ असतो आणि घर दुसऱ्या कंपनीकडे वळवण्यासाठी तोच क्रमांक लागतो. रात्रीच्या मोफत विजेची किंमत दिवसाच्या दरात भरून काढलेली असते. येथे एसीचा सर्वाधिक भार दुपारी आणि संध्याकाळी पडतो, आणि आपल्या घरी तर त्या वेळी वडीलधारी माणसे असणार. काही योजनांत रात्री फक्त विजेचा दर माफ होतो, वितरणाचा आकार चालूच राहतो. काकांनी सांगितलेल्या फॅक्ट्स लेबलवर दिवसाचा दर पाहून, आपला दिवसाचा वापर त्याने गुणल्याशिवाय होकार देऊ नका.

बाहेर पडण्याचेही मार्ग आहेत. एका कंपनीकडून दुसरीकडे जाताना कराराचे कागद हाती आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तो करार विनाशुल्क रद्द करता येतो. नव्या घरात प्रथमच जोडणी घेताना ही सवलत नसते, म्हणून नव्याने आलेल्या कुटुंबांनी विशेष जपावे. घर सोडून दुसरीकडे राहायला गेल्यास मुदतपूर्व रद्द करण्याचे शुल्क लागत नाही, मात्र नवीन पत्त्याचा पुरावा द्यावा लागू शकतो. कराराची मुदत संपण्यापूर्वीच्या शेवटच्या चौदा दिवसांतही शुल्काविना कंपनी बदलता येते. ही तारीख चुकली आणि आपण काहीच निवडले नाही, तर खाते महिन्यागणिक बदलणाऱ्या दराच्या योजनेत जाते, आणि तो दर बहुधा बराच चढा असतो.

आता काकांच्या मुद्द्याकडे येते. आपण दिलेल्या माहितीबद्दल मनापासून आभार, पण आपल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. कागद वाचावा, हे योग्यच आहे. परंतु नियमाने सरासरी दर दाखवण्यासाठी तीन आकडे ठरवून दिले आणि कंपन्यांनी त्यांतल्या मधल्या आकड्यावर दर नीचांकी दिसेल अशा बेताने योजना रचल्या. १२५ डॉलरची सूट ९०० किंवा ११०० युनिटांवर न ठेवता बरोबर हजारावर ठेवण्याचे दुसरे कोणते कारण असू शकते? तुलनेच्या यादीत याच वापराचा दर ठळकपणे समोर येतो आणि पत्रकावरही तोच छापला जातो. मग ग्राहकाला सावध करण्यासाठी केलेला कागदच जाहिरातीच्या कामी येतो. महाराष्ट्रात महावितरणच्या बिलावर वापराचे टप्पे आणि त्यांचे दर छापलेले असतात. ते दर कोणाला जाचक वाटतील, पण कमी वापरणाऱ्याला शंभराहून अधिक डॉलर जास्त मोजावे लागावेत, अशी उलटी रचना त्यात नाही. येथे ज्या घराने दिवे मालवले, थर्मोस्टॅट दोन अंशांनी वर ठेवला, त्याच घरावर बोजा पडतो. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांचा आणि छोट्या अपार्टमेंटमधील विद्यार्थ्यांचा वापर तर वर्षातले बरेच महिने हजाराच्या खालीच राहतो, आणि स्वस्त दराच्या शोधात हीच मंडळी अशा पत्रकांकडे वळतात. म्हणून दोष वाचणाऱ्याच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते.

तक्रारींनी काही होत नाही, असेही कोणी समजू नये. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात घाऊक विजेचा दर कमाल मर्यादेला, म्हणजे युनिटला नऊ डॉलरला जाऊन भिडला. ग्रिडी या कंपनीचे ग्राहक थेट घाऊक दराला बांधलेले होते आणि त्यांतल्या अनेकांना काही दिवसांच्या विजेसाठी हजारो डॉलरची बिले आली. लोकांनी आवाज उठवला, राज्याच्या ॲटर्नी जनरलनी मार्चमध्ये दावा दाखल केला आणि त्याच वर्षीच्या कायद्याने घरगुती ग्राहकांना तशा योजना विकण्यास बंदी आली. मुदत संपण्यापूर्वी ग्राहकाला किमान तीन लेखी सूचना देण्याचे बंधनही त्याच कायद्यातून आले.

मी कंपनीकडे लेखी तक्रार दिली आहे. समाधान झाले नाही, तर वीज कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या टेक्ससच्या पब्लिक युटिलिटी कमिशन या आयोगाकडे अनौपचारिक तक्रार नोंदवणार आहे. त्यासाठी शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीला आयोगाला उत्तर द्यावे लागते. तक्रार प्रलंबित असताना वादातील रकमेसाठी वीज तोडता येत नाही, मात्र ज्या रकमेबद्दल वाद नाही ती वेळेवर भरावी लागते. पत्रकाचा फोटो, फॅक्ट्स लेबल आणि उन्हाळ्यापासूनची बिले मी सोबत जोडणार आहे.

मंडळाच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे की पुढील बैठकीत या विषयाला अर्धा तास द्यावा. ज्यांच्याकडे अशा सूट देणाऱ्या योजना आहेत, त्यांनी फॅक्ट्स लेबल आणि मागील बारा महिन्यांचा वापर सोबत आणावा. काका, आपण हिशेब ताडून पाहण्यास यावे, ही आग्रहाची विनंती. बिले या ईमेल यादीवर पाठवणाऱ्यांनी नाव, पत्ता, खाते क्रमांक आणि ईएसआय आयडी झाकूनच पाठवावीत. ज्यांचा करार येत्या दोन महिन्यांत संपतो, त्यांनी मला आधी कळवावे, म्हणजे शेवटच्या चौदा दिवसांची मुदत हातची जाणार नाही.

आपली,
केटी येथील सभासद