मॉरिशसचं टुरिझम ऑफिस बंद करा म्हणणाऱ्यांसाठी

दर्यावर्दी_ठाणे:
परवा इथे एकांनी लिहिलं की मॉरिशससारख्या बेटाने टुरिझम ऑफिसवर पैसे घालवणं ही निव्वळ उधळपट्टी आहे, समुद्र देवाने दिलाय, रील्स लोक फुकट बनवतात, मग ऑफिस हवंच कशाला, टाळं लावा. दोन दिवस गप्प बसलो पण आता राहवत नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी बोटीवर नोकरी करतो, मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईला, सात-आठ वेळा उतरलोय. त्या देशाची लोकसंख्या साडेबारा लाखाच्या आसपास आणि 2019 साली पर्यटक आले साधारण 13 लाख 80 हजार. घरातल्या माणसांपेक्षा पाहुणे जास्त. आधी सगळी मदार उसावर होती, युरोप ठरलेल्या चढ्या भावाने साखर घ्यायचा, 2006 पासून तो भाव टप्प्याटप्प्याने 36 टक्के पाडला. मग उसाच्या रानात राबणाऱ्याने जायचं कुठे? बरेच जण हॉटेलात, टॅक्सीत, पर्यटकांना फिरवणाऱ्या कॅटामरान होड्यांवर आले. मोठ्या हॉटेलला पॅरिसमध्ये जाहिरात परवडते हो, पण दक्षिणेकडे चार खोल्या भाड्याने देणाऱ्या बाईचं नाव तिकडे कोण घेणार? तिच्या वतीने बोलणारं कुणीतरी सरकारी लागतं, 1996 च्या कायद्याने प्रमोशनसाठी वेगळं मंडळ काढलं ते त्यासाठीच. आणि मार्च 2020 ला सीमा बंद झाल्या त्या पूर्ण उघडल्या 1 ऑक्टोबर 2021 ला, त्या काळात टेस्ट कोणती, क्वारंटाइन किती दिवस हे रीलवाला सांगणार होता का?

रोखठोक_नाशिक:
ते लिहिणारा मीच आणि अजून तेच म्हणतोय. चार खोल्यांच्या बाईचं नाव पुढे करायचं आणि फायदा फाइव्ह स्टारवाल्यांचा, हे सगळीकडे चालतं. तिथे भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू कायद्याने सगळ्यांची आहे. पण तिच्या वरची पट्टी, तिला ते पा जेओमेत्रिक म्हणतात, पन्नास पावलं म्हणजे साधारण 81 मीटर, ती सरकारची आणि सरकार ती हॉटेलांना लीजवर देतं. म्हणजे वाळू तुमची पण वाळूवर जायची वाट हॉटेलची. दक्षिण किनाऱ्यावरच्या पोम्पोनेटला पब्लिक बीचची जागा हॉटेलला द्यायचं ठरलं तेव्हा तिथले लोक रस्त्यावर उतरले, घोषणा होती 'आरेत कोकिन नू लाप्लाझ', आमचा किनारा चोरणं थांबवा. आता सांगा, टुरिझम ऑफिसने कोणाच्या बाजूने उभं राहायला पाहिजे होतं?

आणि माझा अनुभव ऐकाच. 2018 ला लग्नानंतर गेलो, आमच्याच शहरातल्या एका एजंटकडून पॅकेज. सी व्ह्यू लिहिलं होतं, खिडकी उघडली तर समोर लाँड्रीची गाडी आणि चादरींचे गठ्ठे. व्हेज जेवण इन्क्लुडेड म्हणून जास्त पैसे घेतले आणि पाच दिवस उकडलेलं गाजर. बायको अजून त्यावरून बोलते. फोन केला तर एजंट म्हणतो तिकडचं आमच्या हातात नाही.

मीनल_वाकड:
व्हेजचं अगदी खरं!! आम्हीही दोन दिवस ब्रेड-बटरवर काढले, तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरदादा माएबूर गावच्या सोमवारच्या बाजारात घेऊन गेले. तिथे गाडीवर दालपुरी, हरभऱ्याच्या डाळीचं पुरण आत असतं पण गोड नाही, जिरं आणि हळद, पुरणपोळीसारखी मऊ. एकटी देतच नाहीत, जोडीच देतात, मध्ये वालासारख्या मोठ्या दाण्यांची रस्सा भाजी आणि टोमॅटोचं रुगाय, कागदात गुंडाळून हातात. मुलीने चार जोड्या खाल्ल्या. हे अन्न तिथल्या घराघरात आहे मग हॉटेलच्या बुफेत का नाही? माझ्या मते टुरिझम ऑफिसचं खरं काम हे, भारतीय माणूस काय खातो ते हॉटेलवाल्यांना शिकवणं.

दर्यावर्दी_ठाणे:
रोखठोक, तुमचा एजंट नाशिकचा, फसवलं त्याने, आणि टाळं मॉरिशसला? ग्राहक मंचात गेला होतात का? आणि बीचचा मुद्दा गंभीर आहे पण जमीन लीजवर द्यायचं काम प्रमोशनवाल्यांचं नाही. बोट, गेस्टहाऊस यांची लायसन्सं द्यायला टुरिझम ऑथॉरिटी वेगळी आहे, पब्लिक बीच सांभाळायला बीच ऑथॉरिटी वेगळी आहे. सगळं एका गोणीत भरू नका.

रोखठोक_नाशिक:
ग्राहक मंचात जायला सुट्टी कोण देणार, तुम्ही? आणि तीन-तीन ऑफिसं असून किनारा वाचवायला लोकांनाच उभं राहावं लागतं, हे माझ्याच बाजूचं झालं की. 25 जुलै 2020, वाकाशियो नावाचं जहाज पॉइंट देस्नीच्या रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या खडकावर चढलं, साधारण हजार टन तेल लगूनमध्ये, रीफच्या आतल्या उथळ पाण्यात गेलं. अडवलं कोणी? माएबूरच्या बायाबापड्यांनी उसाचा पाला गोळा केला, जाळीच्या कापडात भरून लांब लांब नळ्या शिवल्या, लोकांनी डोक्यावरचे केस कापून दिले. निळं पाणी पोस्टरवर विकणाऱ्यांचं त्या पाण्याशी नातं काय मग?

वैभव_मालवण:
ह्या प्रश्नावर बोलायलाच हवं. मॉरिशसचंच रॉड्रिग्ज बेट, पूर्वेला 560 किलोमीटर, तिथे 2012 पासून दरवर्षी दोन महिने ऑक्टोपस धरणं बंद ठेवतात. बायका ओहोटीला रीफवर चालत जाऊन ऑक्टोपस धरतात, त्यांना त्या दिवसांत दुसरं काम देतात, बंदी उठली की मोठाले ऑक्टोपस मिळतात. आमच्याकडे सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर होऊन 1997 पासून किती वर्षं झाली, स्कूबाच्या होड्या वाढल्या, पण माशांसाठी आणि किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणवाल्यांसाठी विचार कोण करतो? किती लोक आले हाच आकडा पेपरात. लगूनमध्ये काय उरलं तो आकडा टुरिझमवाल्यांनी द्यायला हवा, मग त्यांच्या पगाराबद्दल मी एक शब्द काढणार नाही.

गणेशभक्त_डोंबिवली:
सगळे समुद्रावरच बोलताय. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, कास्कावेलसारख्या गावात आपले मराठी लोक पिढ्यान् पिढ्या गणपती बसवतात, हे डोंबिवलीत किती जणांना माहितीये? टुरिझम ऑफिसने गणपती पॅकेज काढावं. मुंबईहून सहा-साडेसहा तासांचं फ्लाइट, बसने घरोघरी दर्शन, संध्याकाळी तिथल्या मराठी लोकांचा झाकरी नाच, विसर्जन बीचवर. मी पहिला बुक करतो.

कास्कावेलची_सून:
इतका वेळ नुसतं वाचत होते. मी चिपळूणची, लग्न होऊन इथे 14 वर्षं. डोंबिवलीकर, कृपा करून हे पॅकेज सुचवू नका. आमचं अंगण जेमतेम पाटाएवढं, गणपती पुढच्या खोलीत, आणि झाकरी हा शो नाही हो. कोकणातली जाखडी गिरमिटात, म्हणजे मजुरीच्या करारावर आलेल्या माणसांनी सोबत आणली, ती आमचे सासरे आणि त्यांच्या वयाचे पाच-सहा जण गणपतीपुढे म्हणतात, टाळ धरून, गोल फिरून. घरी सगळे क्रियोल बोलतात, मराठी शाळेत शिकतात, बरेच शब्द आता अर्थ न कळता म्हटले जातात पण डोळे मिटून म्हणतात. तिथे चाळीस जणांची बस मोबाइल वर धरून उभी राहिली तर हे म्हातारे उद्यापासून म्हणायचे थांबतील.

गणेशभक्त_डोंबिवली:
वा, म्हणजे आम्ही परके? आपलाच बाप्पा, आपलीच माणसं, आणि आम्हाला दारात उभं करणार नाही. मॉरिशसचा पारंपरिक सेगा नाच हॉटेलात रोज चालतो, त्याला 2014 साली युनेस्कोची मान्यताही मिळाली, त्याचं कोणाला वाईट वाटत नाही. झाकरी लपवून ठेवलीत तर वीस वर्षांत मरेल, तेव्हा कोणाला सांगाल?

कास्कावेलची_सून:
दारात उभं करणार नाही असं मी म्हटलंच नाही, शब्द फिरवू नका, मला राग येतो. हॉटेलातला सेगा तुम्ही पाहिलाय का? जेवणाच्या टेबलांमधून, मागे रेकॉर्ड लावून, वीस मिनिटं. माझी शेजारीण तसा नाचते, घरी येऊन म्हणते हा माझ्या आजीचा नाच नव्हे, पण पैसे लागतात. झाकरीचं तसं व्हायला नकोय मला, बस्स. आप्रवासी घाट दाखवा ना लोकांना, 2006 पासून जागतिक वारसा आहे, जवळपास पाच लाख माणसं मजूर म्हणून आली त्यांची पहिली पायरी तिथे आहे. पोर्ट लुईत शॉपिंगला उतरलेली बस त्याच्या दारावरून जाते, आत किती जण जातात विचारा.

रोखठोक_नाशिक:
मी नाही गेलो. एजंटच्या यादीत नव्हतं. ताई, हे वाचून ऑफिस असायला हरकत नाही इथपर्यंत येतो मी, पण पोम्पोनेटचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

दर्यावर्दी_ठाणे:
पोम्पोनेटला ऑफिसने लोकांच्या बाजूने बोलायला हवं होतं, घ्या, लिहून दिलं. काय विकायचं एवढंच मी धरून बसलो होतो, काय विकायचं नाही हे ठरवणंही त्यांचंच काम हे ताईंचं आणि मालवणकरांचं मान्य. टाळं लावायचं मात्र मला मरेपर्यंत पटणार नाही.

गणेशभक्त_डोंबिवली:
बसचं मागे घेतो. पण दोघं-तिघं आलो तर?

कास्कावेलची_सून:
दोघं-तिघं या की, जेवूनच जा. फक्त एक काम करा. सासऱ्यांना एका झाकरीची तीन कडवी येतात, चौथं त्यांच्या वडिलांबरोबर गेलं. चिपळूण-गुहागरकडचं जाखडीचं जुनं मंडळ कोणाच्या ओळखीचं असेल तर कळवा, मी चाल रेकॉर्ड करून पाठवते, कोणाच्या तरी आजोबांना आठवत असेल.