'ही टोल्ड दॅट…' : खपवून घ्यायचं की खोडायचं?

पूर्णविराम

ऑफिसात रोज येणाऱ्या मेलमधलं हे एक वाक्य बघा: 'क्लायंट इन्फॉर्म्ड दॅट द सर्व्हर विल बी डाऊन टुमॉरो.' कळवलं, पण कुणाला? आपल्या टीमला, त्यांच्याच माणसांना, की तिसऱ्याच कुणाला? लिहिणाऱ्याला ही रिकामी जागा दिसतच नाही, कारण मराठीत 'क्लायंटने कळवलंय की…' एवढ्यावर भागतं. इंग्रजीत इन्फॉर्म, टेल, रिमाइंड, अ‍ॅश्युअर, कन्व्हिन्स यांना 'दॅट'च्या आधी माणूस लागतो. 'टोल्ड मी दॅट', 'रिमाइंडेड अस दॅट'. 'से'चं उलटं. तिथे माणूस आणायचाच असेल तर 'टू' लावून आणायचा. एक्सप्लेन, सजेस्ट, मेन्शन, अ‍ॅडमिट, कंप्लेन ही सगळी 'से'च्या वळणाची. म्हणून 'एक्सप्लेन्ड मी दॅट' चुकीचं. आणि 'वाँट'ला तर 'दॅट' लावायचाच नसतो, तरी 'आय वाँट दॅट यू शुड कम' अजून ऐकू येतं.

आपल्याकडे 'की म्हणजे दॅट' एवढं सांगून शिकवणारे मोकळे होतात, आणि पुढची वीस वर्षं माणूस प्रत्येक क्रियापदाला तोच 'दॅट' चिकटवत बसतो. माझं मत स्पष्ट आहे: हे खोडलंच पाहिजे, शाळेत आणि नोकरीतही. 'हे आमचं इंडियन इंग्लिश' ही पळवाट मला मान्य नाही.

कल्याण_स्लो

साफ असहमत. 'ही टोल्ड दॅट ही इज कमिंग' ऐकून तो येतोय हे तुम्हाला कळलं नाही, असं एकदा तरी झालंय का? मग त्रास कानाला झाला की कामाला?

आणि नियम नियम काय करता? 'वॉर्न' बघा. 'ही वॉर्न्ड मी दॅट' चालतं आणि नुसतं 'ही वॉर्न्ड दॅट' पण चालतं. 'प्रॉमिस'चं तेच. 'वॉर्न'ला माणूस नसला तर इंग्रजी बुडत नाही, 'टेल'ला नसला की मात्र बुडते? यात तर्क नाही, सवय आहे. साहेबाची सवय. दंतकथा सांगताना तेच लोक 'लेजंड टेल्स दॅट' लिहितात, तेव्हा 'टोल्ड हूम' असं कुणी विचारत नाही.

निवृत्त बाई

पूर्णविराम यांच्या बाजूने. इंग्रजी शिकवण्यात माझी नोकरी गेली. 'टोल्ड दॅट' हा त्यातला सौम्य आजार. खरी गंमत प्रश्नांची.

'त्याने विचारलं की तू कुठे राहतोस' हे पोरं सरळ उतरवतात: 'ही आस्क्ड दॅट व्हेअर डू यू लिव्ह.' एका वाक्यात तीन गोष्टी: 'आस्क्ड'नंतर नको तो 'दॅट', प्रश्नातला 'डू' तसाच राहिलेला, आणि 'यू'चा 'आय' झालेला नाही. मराठीत मूळ बोलणं जसंच्या तसं 'की'च्या पुढे ठेवता येतं. 'तो म्हणाला की मी येतो' यातला 'मी' तोच आहे हे कुणाला सांगावं लागत नाही. इंग्रजीत 'ही सेड दॅट आय विल कम' लिहिलंत की येणारा माणूसच बदलला.

आणि 'आस्क्ड दॅट' अजिबात नसतंच असंही नाही, त्याचा अर्थ वेगळा. 'शी आस्क्ड दॅट द मीटिंग बी पोस्टपोन्ड' म्हणजे तिने बैठक पुढे ढकलण्याची विनंती केली. प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. हे डायरेक्ट-इनडायरेक्टच्या धड्यात मी स्वतः घुसडत असे. अभ्यासक्रमात नव्हतं.

उपवाक्य

भाषाशास्त्राचा विद्यार्थी म्हणून थोडं तेल ओततो. हा वाद जुनाच आहे. 1990 साली ब्रिटिश व्याकरणकार रँडॉल्फ क्वर्क यांनी 'इंग्लिश टुडे' या नियतकालिकात लिहिलं, सूर असा की परदेशातल्या चुकांना 'बोली' म्हणून कुरवाळाल तर विद्यार्थ्यांचंच नुकसान कराल, त्यांना प्रमाण इंग्रजी हवी असते. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात भारतीय वंशाचे भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरूंनी उत्तर दिलं. भारतासारख्या देशात इंग्रजी शतकानुशतकं रुजली आहे, तिचे निकष इथेच घडणार, लंडनहून मागवायचे नाहीत.

मी काचरूंच्या बाजूचा. बहुतेक भारतीय भाषांत 'सांगणे'सारखं क्रियापद ऐकणाऱ्याशिवाय खुशाल येतं. त्या वळणाने इथली इंग्रजी थोडी वाकली तर ती बिघडली असं नाही.

पूर्णविराम

@उपवाक्य, काचरूंचीच फूटपट्टी लावू. निकष इथे घडणार ना? मग इथली वर्तमानपत्रं उघडा. 'टोल्ड रिपोर्टर्स दॅट', 'टोल्ड द कोर्ट दॅट' असंच छापतात. नुसतं 'टोल्ड दॅट' आमच्याच माणसांनी, आमच्याच डेस्कवर खोडलेलं असतं. म्हणजे इथल्या सुशिक्षितांनीही ते स्वीकारलेलं नाही. बोली म्हणावी तर तिला तिच्या घरच्यांनी तरी आपलं म्हणायला हवं.

उपवाक्य

डेस्कवरचे संपादक म्हणजे समाज नव्हे. ते शैलीपुस्तिका पाळतात, आणि ती कुठून आली हे आपल्याला माहीत आहे.

काळा कोट

आमच्याकडे 'दॅट'शिवाय पान हलत नाही. मुंबईतलं इंग्रजी प्रतिज्ञापत्र पाहिलंय? परिच्छेदामागून परिच्छेद 'आय से दॅट', अधूनमधून 'आय से अँड सबमिट दॅट'. जिल्हा न्यायालयात उलटतपासणीची मराठी नोंद तर 'हे म्हणणे खरे नाही की' अशी पानभर चालते. सारखं वाचून डोकं उठतं, पण कुणी काय म्हटलं आणि कुणी काय नाकारलं यात शंका राहत नाही.

कल्याण_स्लो विचारतात कामाला त्रास कुठे झाला. 'इन्सिस्ट' घ्या. 'द लँडलॉर्ड इन्सिस्टेड दॅट द टेनंट लीव्ह' म्हणजे भाडेकरूने जावं अशी मालकाची मागणी. 'हॅड लेफ्ट' लिहिलं तर भाडेकरू गेलेला आहे हे मालकाचं ठाम म्हणणं. आणि नुसतं 'लेफ्ट' लिहिलंत, तर दोन वकील ते वाक्य दोन बाजूंनी वाचतील आणि दोघांचीही फी होईल. अमेरिकन लोक मागणीसाठी 'लीव्ह' पक्कं ठेवतात, ब्रिटिश बऱ्याचदा 'शुड लीव्ह' लिहितात. दोन्हीपैकी एक धरा, पण धरा. माझ्या टेबलावर येणाऱ्या मसुद्यांत तिन्ही रूपं एकाच पानावर नांदत असतात.

जर्सीचा जावई

तुम्ही सगळे 'दॅट'साठी भांडताय, इथे अमेरिकेत तो कुणी बोलतच नाही! 'आय थिंक ही लेफ्ट', 'शी सेड इट्स फाइन'. आपण मात्र प्रत्येक वाक्यात 'आय थिंक दॅट' म्हणतो आणि लगेच ओळखू येतो की तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकून आलोय. माझा सल्ला, सरसकट उडवून टाका.

उपवाक्य

बोलण्याच्या बाबतीत जावई बरोबर. 1999 साली बायबर आणि सहकाऱ्यांचं मोठ्या भाषासंग्रहावर आधारलेलं लाँगमनचं इंग्रजी व्याकरण आलं. त्यातही हेच दिसतं: गप्पांमध्ये 'दॅट' गाळणं हीच रीत, आणि विद्वत्तापूर्ण लेखनात तो ठेवणं ही रीत. गप्पांत ही रचना घेणारी क्रियापदंही मुख्यतः थिंक, से आणि नो. 'कंप्लेन', 'रिप्लाय', 'ऑब्जेक्ट' अशा क्रियापदांमागून तो इतक्या सहज गळत नाही.

काळा कोट

सरसकट मुळीच नको. 'द मिनिस्टर सेड ऑन मंडे प्राइसेस वुड राइज.' मंत्री सोमवारी बोलले की भाव सोमवारी वाढणार? 'मंडे'च्या आधी 'दॅट' ठेवा, एक अर्थ. नंतर ठेवा, दुसरा. व्यापाऱ्याला हा फरक विचारा.

कल्याण_स्लो

मला हेच म्हणायचं होतं. वर आलेलं एकेक उदाहरण बघा. 'आस्क्ड दॅट'मध्ये सर्वनामाचा घोळ, 'इन्सिस्ट'मध्ये क्रियापदाच्या रूपाचा, मंत्र्यांच्या वाक्यात 'दॅट'च्या जागेचा. या तिन्ही ठिकाणी अर्थ बिघडतो, शिकवा की, कोण नाही म्हणतंय! पण 'टोल्ड दॅट'मध्ये काय बिघडलं हे अजून एकानेही दाखवलेलं नाही. तरी मुलाखतीत उमेदवार त्यावरूनच नापास होतो. 'इन्सिस्ट'चा घोळ मुलाखत घेणाऱ्यालाही कळत नाही, म्हणून तो खपतो. शुद्धलेखनाच्या नावाखाली आपण कॉन्व्हेंटवाला आणि झेडपीवाला वेगळे काढतोय, बाकी काही नाही.

पूर्णविराम

शेवटचा मुद्दा कडवट असला तरी खरा आहे. पण म्हणूनच झेडपीच्या पोराला हे आधी मिळायला हवं असं मी म्हणतो. त्याला 'चालतंय' म्हणणारे आपण बहुधा आपल्या पोरांना घरी 'टोल्ड मी' शिकवत असतो.

आणि अर्थ बिघडल्याचं घ्या: 'आय डाउट दॅट ही टुक द मनी.' आपला माणूस हे लिहितो तेव्हा त्याच्या मनात असतं, 'त्यानेच पैसे घेतले अशी मला शंका आहे.' इंग्रजी वाचणाऱ्याला कळतं, 'त्याने घेतले असतील असं मला वाटत नाही.' तिथे 'सस्पेक्ट' हवं. चौकशीच्या अहवालात हे वाक्य गेलं तर चोर सुटला ना?

कल्याण_स्लो

ही 'डाउट'ची गडबड झाली, 'दॅट'ची नाही. 'डाउट'चा अर्थ शिकवा. त्यासाठी 'टोल्ड दॅट'वाल्याला का लटकवता?

निवृत्त बाई

कारण दोन्हींचं मूळ एकच आहे. आधी मराठी वाक्य तयार होतं आणि मग त्यातलं एकेक पद बदललं जातं. क्रियापद त्याच्या गोतावळ्यासकट शिकवलं की 'टेल समवन दॅट' आणि 'सस्पेक्ट दॅट' दोन्ही एकाच तासात होतात. कल्याणकर, तुम्ही म्हणता तसं अर्थ बिघडवणारं तेवढं निवडून शिकवायचं ठरवलं, तर त्या यादीत 'क्लायंट इन्फॉर्म्ड दॅट' टाकायचं की नाही? धागा तिथूनच सुरू झाला होता, आणि कुणाला कळवलं ते अजूनही कळलेलं नाही.

कल्याण_स्लो

बाई, ते मेलच्या 'टू'मध्ये बघायचं असतं. :)