अनुभव धागा: उन्हात खेळणारी आपली पोरं काय पितात?

कबड्डी, खो-खो, भरतीची धावाधाव... मार्च लागला की आपल्याकडची मैदानं तापतात. तुमच्याकडची मुलं सरावाआधी, सरावात, नंतर काय पितात? स्वतः केलेलं, पाहिलेलं लिहा.

खो-खो शिकवतो, दर्यापूर तालुका
आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यामुळे मुलं तहान मारून खेळत राहायची. आता आरओची कॅन आणून मैदानाच्या कडेला माठ भरून ठेवतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी शिट्टी झाली की तहान असो-नसो, प्रत्येकानं प्यायचंच. खेळात रंगलेल्या पोराला तहानेचं भान नसतं हो! काही पालक म्हणतात, खाऱ्या पाण्यातून क्षार मिळतातच की. पण ओआरएसमध्ये साखर आणि मीठ ठरलेल्या मापात असतं. आतड्यात पाणी शोषलं जातं ते या जोडीमुळे. बोअरच्या पाण्यात ते माप नसतं.

धावपटू मुलीची आई, चंद्रपूर जिल्हा
इथला पारा ४५च्या वर जातो. सराव पहाटेच उरकतो, तरी मुलीला लघवीचा रंग बघायला शिकवलंय. फिकट पिवळी असली तर ठीक, गडद झाली की पाणी कमी पडतंय. पाळीबद्दल बोलतो तसंच हेही घरात मोकळेपणानं बोलतो.

भरतीची तयारी, वर्धा
१६०० मीटरच्या आधी एनर्जी ड्रिंक पिणारे लय पोट्टे पाहिले. एका मित्राची छाती इतकी धडधडली का तो अर्ध्यातच बसला. डब्यावर बारीक अक्षरात लिहूनच असते, लहान मुलांसाठी नाही म्हणून. कॅफिन असते त्यात. तासाभराच्या आतल्या सरावाले साधं पाणीच पुरते.

पहिलवानाची आजी, यवतमाळकडची (नातीनं टाइप केलं)
आमच्या घरी उन्हाळा लागला का आंबील असतेच. ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजवाचं, सकाळी पाण्यात शिजवाचं, मंग मीठ, जिरं अन् वरून थंड ताक. पोट्टं तालमीतून आलं का पहिले पाणी, मंग आंबील. बाटलीतलं रंगीत पाणी घरात येत नाही.

आशा सेविका, अकोला जिल्हा
ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. ग्लासभर पाण्यात अर्धं पाकीट टाकणारे खूप भेटतात. मीठ जास्त झालं तर अपाय होतो. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मूल असंबद्ध बोलू लागलं किंवा शुद्ध हरपली तर तोंडात पाणी ओतू नका. सावलीत न्या, अंग ओलं करून वारा घाला, १०८ला फोन करा.

कबड्डीपटूचे वडील, मेहकरजवळून
आमच्या शाळेच्या नळाला दुपारी पाणी नसतं. कुणी ग्रामपंचायतीकडून मैदानाजवळ टाकी बसवून घेतलीय का? ग्रामसभेत विषय कसा मांडला, अर्जात काय लिहिलं, ते सांगा.