नाताळाचा खर्च आणि कापसाचा चुकारा : उसनवारी न करता सण कसा साजरा करावा?

प्रश्न – कोरडवाहू पाच एकर (ता. दारव्हा, जि. यवतमाळ), सप्टेंबर 2025

सर्वांना नमस्कार, आणि मंडळीतील (चर्चमधील) वाचकांना सलाम.

आमचे पाच एकर कोरडवाहू वावर आहे. तीन एकरांत कपाशी आणि दोन एकरांत सोयाबीन असून मधून तुरीच्या ओळी आहेत. घरात आम्ही दोघे, दोन मुले आणि सासूबाई. गेल्या नाताळात जो खर्च झाला तो मी मुलाच्या जुन्या वहीच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवला होता. पोळा झाल्यावर थोडी उसंत मिळाली, तेव्हा ते पान काढून पाहिले आणि काळजी वाटू लागली. कपड्यांचे 9,200, फराळ आणि केकचे 4,300, मटण व पाहुण्यांच्या जेवणाचे 3,900, रंग, चांदणी आणि दिव्यांच्या माळांचे 2,600, मंडळीची वर्गणी व दान 2,000 आणि माहेरी जाण्यायेण्याचे 1,400, असे एकूण 23,400 रुपये खर्च झाले होते.

यातील 8,000 रुपये मी बचत गटातून महिना दोन टक्क्यांनी घेतले होते. मुद्दल मे महिन्याच्या अखेरीस एकदम फेडले, म्हणजे पाच महिन्यांचे 800 रुपये व्याज गेले. उरलेली रक्कम उभी करण्यासाठी आणि वेचणीच्या बायांची मजुरी आठवडी बाजाराच्या दिवशी देता यावी यासाठी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सहा क्विंटल कापूस गावात आलेल्या व्यापाऱ्याला 6,600 रुपये क्विंटलने दिला. त्याने पैसे लगेच हातावर ठेवले, त्यामुळे तेव्हा सुटल्यासारखे वाटले.

माझी अडचण अशी आहे की खर्च कमी करायचा म्हटले की सासूबाईंना वाईट वाटते. नणंदबाई मुलांसह येतात, शेजारच्या घरांत फराळाची ताटे जातात, गीत गाणारी मुले रात्री दारात येतात. या कशातही हात आखडता घेतलेला लोकांच्या लक्षात येतो. सण आनंदाने व्हावा, पण जानेवारीत कुणाचे देणे राहू नये, यासाठी आजपासून डिसेंबरपर्यंतच्या तीन महिन्यांत काय करता येईल, हे अनुभवी लोकांनी सांगावे.

उत्तर 1 – जुना मास्तर (अचलपूर, जि. अमरावती)

ताई, तुम्ही हिशेब लिहून ठेवलात, यानेच निम्मे काम झाले आहे. परंतु तुमच्या कागदावर सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक खर्च आलेलाच नाही, तो मी येथे मांडतो.

2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. तुम्ही 6,600 ने विकला, म्हणजे क्विंटलमागे 921 आणि सहा क्विंटलला 5,526 रुपयांचा फरक पडला. आता हे सगळेच तुमच्या हाती आले असते असे मी म्हणणार नाही, कारण प्रतीनुसार आणि ओलाव्यानुसार कपात होते, शिवाय केंद्रापर्यंतचे गाडीभाडे लागते. तरीही त्यातील मोठा भाग घरात राहिला असता. मुलांचे कपडे आणि फराळ यांवर तुम्ही कितीही काटकसर केली, तरी एवढी रक्कम वाचवणे कठीण आहे. खेडा खरेदीत, म्हणजे गावात आलेल्या व्यापाऱ्याला, माल देण्याची वेळ आपल्यावर भाव पटला म्हणून फार क्वचित येते. त्या दिवशी रोख पैसा हवा असतो, म्हणून ती येते. व्यापाऱ्यालाही हे ठाऊक असते, आणि नाताळाच्या आधीचे पंधरा दिवस आपल्या घरात काय चालू असते हेही त्याला चांगले ठाऊक असते.

या हंगामासाठी, म्हणजे 2025-26 साठी, हमीभाव मध्यम धाग्याला 7,710 आणि लांब धाग्याला 8,110 रुपये जाहीर झाला आहे. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) हमीभाव खरेदी केंद्रावर माल द्यायचा असेल तर यंदा ‘कपास किसान’ अॅपवर आधी नोंदणी करावी लागते. त्यासाठी आधार, सातबारा आणि त्यावरील कपाशीच्या पेऱ्याची नोंद तयार ठेवा आणि ही नोंदणी दसऱ्यापूर्वीच उरकून घ्या. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत कपात करून माल घेतात आणि बाराच्या वर गेला तर गाडी परत येते. सकाळी दहिवर असताना वेचलेला कापूस तसाच दडपून गंजीत भरू नये. स्लॅबवर किंवा अंगणात ताडपत्रीवर पातळ पसरून दोन-तीन दिवस ऊन द्यावे; सरकी दाताखाली धरली की कटकन फुटली पाहिजे, ही आमच्या वडिलांची परीक्षा मी अजूनही वापरतो.

केंद्रावरचा चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, आधारला जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात आणि त्याला काही दिवस लागतात. म्हणून सणासाठी त्या पैशावर विसंबायचे असेल तर गाडी नोव्हेंबरच्या अखेरीस लागली पाहिजे. माझा आग्रह मात्र असा की त्या पैशावर नाताळाचा हक्क ठेवूच नये. त्यावर पहिला हक्क पीक कर्जाचा आहे, कारण ठरलेल्या मुदतीत फेड केली तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे 3 लाखांपर्यंतच्या पीक कर्जावरील व्याज शून्यावर येते. ती सवलत गमावून केलेला सण फार महाग पडतो.

उत्तर 2 – गटाची सचिव (मंगरूळपीर, जि. वाशीम)

मास्तरांनी कापसाचे सांगितले ते खरे आहे, पण मग सणाला पैसा आणायचा कोठून, हा प्रश्न उरतोच. माझ्या मते तो सोयाबीनमधून आणावा. सोयाबीन ऑक्टोबरमध्ये घरात येते आणि त्याचे पैसे दिवाळीत विरघळून जातात, हे मी आमच्या गटातील प्रत्येक घरी पाहिले आहे. पहिली पोती विकली की त्याच दिवशी, घरी येण्यापूर्वी, दोन रकमा वेगळ्या काढा: एक वेचणीच्या मजुरीची आणि दुसरी नाताळाची. सहा क्विंटल वेचायला दहा रुपये किलोने 6,000 रुपये मजुरी लागते. ती आधीच बाजूला असेल तर बायांचे पैसे चुकवण्यासाठी कापूस पडत्या भावात द्यावा लागणार नाही. नाताळाची रक्कम पोस्टाच्या बचत खात्यात टाका. तेथे चार टक्के व्याज आहे, पण व्याजापेक्षा महत्त्वाचे हे की पैसे काढायला पोस्टापर्यंत जावे लागते, आणि तेवढ्या वाटेत माणूस दोनदा विचार करतो.

‘लाडकी बहीण’चे 1,500 रुपये तुमच्या खात्यात येत असतील तर त्यातील हजार रुपये तीन महिने हलवू नका, तेवढ्याने 3,000 होतात.

पुढच्या वर्षासाठी आवर्ती ठेव सुरू करावी, परंतु येथे एक चूक अनेक जणी करतात. पोस्टाची आवर्ती ठेव चांगली असली तरी तिची मुदत पाच वर्षांची आहे आणि मुदतीपूर्वी ती तीन वर्षांनंतरच बंद करता येते, त्यामुळे दर नाताळासाठी तिचा उपयोग नाही. बँकेत बारा महिन्यांची आवर्ती ठेव घ्यावी आणि ती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण होईल अशा बेताने सुरू करावी. आमच्या गटात मराठा, बौद्ध आणि ख्रिस्ती अशा सर्व घरांतील बाया आहेत, म्हणून आम्ही नेहमीच्या बचतीखेरीज ‘सणाची ठेव’ वेगळी जमा करतो. ज्या बाईचा जो सण, त्याच्या तीन आठवडे आधी तिची रक्कम तिला मिळते, मध्ये कोणत्याही कारणासाठी मिळत नाही, आणि पासबुक प्रत्येक बैठकीत सर्वांसमोर उघडून वाचले जाते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. दुकानदार किंवा एखादा ओळखीचा माणूस दरमहा पैसे गोळा करून सणाला सामान देतो, त्या फंडात पैसे टाकू नका. ब्रिटनमध्ये 2006 च्या ऑक्टोबरमध्ये, नाताळ दोन महिन्यांवर असताना, फेअरपॅक नावाची अशीच बचत योजना चालवणारी कंपनी बुडाली आणि वर्षभर थोडे थोडे पैसे भरलेल्या लाखाहून अधिक कुटुंबांचा सण रिकाम्या हाताने गेला. आपल्याकडे अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा 2019 मध्ये झाला, पण कायदा असला तरी बुडालेले पैसे परत मिळण्यासाठी किती हेलपाटे घालावे लागतात, हे आमच्या गावाने एका भिशीच्या बाबतीत सोसले आहे.

कपड्यांविषयी माझा स्वतःचा अनुभव सांगते, कारण 9,200 हा तुमच्या यादीतील सर्वांत मोठा आकडा आहे. मी मुलांना दुकानात नेत नाही. सुतळीच्या एका तुकड्याला मुलाच्या छातीच्या, बाहीच्या आणि पॅन्टच्या मापाच्या गाठी मारते, दुसऱ्या तुकड्यावर मुलीच्या, आणि दिवाळी संपून गर्दी ओसरली की एकटी तालुक्याला जाते. त्या दिवसांत उरलेला माल दुकानदाराला काढायचा असतो, त्यामुळे तो भावात बोलतो. मुले सोबत असली की आपण मोल करूच शकत नाही, कारण मुलाने शर्ट छातीशी धरलेला असतो आणि दुकानदार ते पाहत असतो.

उत्तर 3 – किराणावाला (मेहकर, जि. बुलढाणा)

मी ख्रिस्ती नाही, परंतु आमच्या दुकानात दिवाळीचे आणि नाताळाचे सामान दोन्ही जाते, म्हणून लिहितो. जे लोक किलोमध्ये यादी करून आणतात त्यांचे बिल, आणि जे ‘करंजीचे सामान द्या’ असे म्हणतात त्यांचे बिल, यांत नेहमी मोठा फरक पडतो. मैदा, रवा, साखर, डालडा, तेल, खोबरे हे सर्व घरीच मोजून लिहा आणि यादीबाहेरची वस्तू त्या दिवशी घेऊ नका. खोबरे आणि सुका मेवा सर्वांत जास्त पैसे खातात. करंजीच्या सारणात खोबऱ्यासोबत भाजलेला रवा आणि तीळ घातले तर चव बिघडत नाही, उलट आमच्या आईच्या मते करंजी जास्त दिवस टिकते.

फराळ तीन घरांनी मिळून करावा. एका घरी चकली, दुसऱ्या घरी करंजी आणि शंकरपाळे, तिसऱ्या घरी चिवडा, आणि मग वाटणी. कढईतले तेल तीन ठिकाणी उरून वाया जात नाही आणि सरपणही कमी लागते. केक विकत आणण्याऐवजी नानकटाईचे पीठ घरी मळून बेकरीच्या भट्टीवर भाजून घ्या. भट्टीवाला फक्त भाजणावळ घेतो आणि मोठा डबा भरून येतो.

मोबाईल किंवा टीव्ही नाताळाच्या निमित्ताने शून्य टक्के व्याजाच्या हप्त्यावर घेण्याचा विचार घरात निघाला, तर प्रक्रिया शुल्क आणि रोख घेतल्यास मिळणारी सूट हे दोन आकडे आधी विचारा. त्या हप्त्यातील व्याज याच दोन जागी असते.

उत्तर 4 – मोठी आई (वणी, जि. यवतमाळ)

पोरी, वरील सर्वांनी चांगले सांगितले आहे, पण दोन ठिकाणी कात्री लावू नकोस, एवढे म्हातारीचे ऐक. मंडळीचे दान आणि दारात गीत गायला आलेल्या मुलांचा चहा हे तसेच राहू दे, आणि वेचणीच्या बायांना फराळ देत असशील तर तोही दे. ते सगळे मिळून तुझ्या कागदावर फार मोठे नाही, आणि ते थांबले तर सासूबाईंना खरोखरच वाईट वाटेल.

सासूबाईंशी मात्र नाताळ जवळ आल्यावर बोलू नकोस, आत्ताच बोल, आणि तो कागद त्यांच्यासमोर वाच. आमच्या घरी एका वर्षी पाहुण्यांसाठी खासगी सावकाराकडून पैसे आणले होते, आणि मला ते गुड फ्रायडेच्या सुमारास कळले, कारण घरातील पितळी हंडा दिसेनासा झाला होता. मला आधी सांगितले असते तर मी स्वतःच मटण एका वेळेपुरते केले असते. म्हाताऱ्या माणसांना काटकसर समजते. आमचे आयुष्य त्यातच गेले आहे. त्यांना न विचारता झालेली कपात तेवढी खुपते.

प्रश्नकर्तीचे उत्तर – कोरडवाहू पाच एकर

सर्वांचे मनापासून आभार. मोठ्या आईंच्या सांगण्यावरून काल संध्याकाळी कंदिलाजवळ बसून तो कागद सासूबाईंना वाचून दाखवला. सहा क्विंटलांचा फरक ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या, आणि मग त्यांनीच रंगाचा खर्च काढून टाकायला सांगितले, कारण भिंती गेल्या वर्षीच रंगवल्या आहेत.

आम्ही मिळून यंदाचा आकडा 15,000 ठरवला आहे. कपडे 4,100, फराळ 3,000, मटण व पाहुणचार 3,900, चांदणी आणि दिवे 600, दान 2,000 आणि प्रवास 1,400. एसटीत महिलांना अर्धे तिकीट असल्याने प्रवासात अजून थोडे वाचेल असे वाटते. 12,000 सोयाबीनच्या पहिल्या विक्रीतून आणि 3,000 माझ्या खात्यातून येतील. वेचणीचे 6,000 वेगळे ठेवू. गटातून यंदा काही उचलणार नाही. कापसाची नोंदणी घरधनी या रविवारी मंडळीहून परतताना तालुक्याच्या सेवा केंद्रातून करून घेणार आहेत.

यंदा आगमनकाळाचा (नाताळाच्या तयारीच्या आठवड्यांचा) पहिला रविवार 30 नोव्हेंबरला आहे. त्या दिवशी विकतची चांदणी न आणता बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन मुलांसोबत घरीच करायची, असे सासूबाईंनी ठरवले आहे. कामट्या तासायच्या कशा हे त्यांना येते. खळ मात्र ज्वारीच्या पिठाची करावी की मैद्याची, यावर आमच्याकडे एकमत झालेले नाही. दहिवराने कागद सुटू नये यासाठी कोणती खळ टिकते, हे कुणाला माहीत असल्यास कृपया कळवावे.