मदत हवी आहे: 'इंद्रियदमन'मागचा ग्रीक शब्द नक्की काय सांगतो?

नमस्कार मंडळी,

इथे ग्रीक येणारं किंवा ग्रीक तत्त्वज्ञान वाचलेलं कोणी असेल तर प्लीज मदत करा. रविवारी आमच्या चर्चच्या तरुण संघात मला बायबलमधल्या पौलाच्या गलतीकरांस पत्राच्या ५व्या अध्यायावर बोलायचंय आणि मी एका शब्दावर अडकलेय.

आत्म्याच्या फळाची यादी आहे ना तिथे, प्रीती, आनंद, शांती असं करत करत शेवटी येतं इंद्रियदमन. मागे हे वाचलं तेव्हा बारावीतला एक मुलगा म्हणाला, ताई, दमन म्हणजे दाबणं ना, मग दाबलेलं कधीतरी उसळून वर येणारच की, याला फळ कसं म्हणायचं? मला उत्तर देता आलं नाही आणि तो प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये.

मूळ शब्द शोधला, तो आहे एन्क्रातेइया. त्यात क्रातोस आहे, म्हणजे सत्ता, जोर, डेमोक्रसीमधला क्रसी तोच. म्हणजे दाबणं नाही, स्वतःवर स्वतःचं राज्य असणं, असं मला वाटलं. कैसरियात कैदेत असताना पौल फेलिक्स सुभेदारासमोर बोलतो तेव्हाही हाच शब्द, आणि करिंथकरांना लिहिताना खेळाडू बक्षिसासाठी सगळ्या बाबतीत कसं स्वतःला आवरतात ते सांगतो तिथे याचंच क्रियापद आहे. इथपर्यंत छान वाटलं.

पण मग अ‍ॅरिस्टॉटल काढला आणि गोंधळ झाला. त्याच्या नीतिशास्त्राच्या ७व्या भागात तो म्हणतो की एन्क्रातेइया असलेल्या माणसाला वाईट इच्छा होतात, जोरदार होतात, पण तो त्यांच्यामागे जात नाही. आणि सोफ्रोसिने म्हणून दुसरा गुण आहे, तो ज्याच्यात आहे त्याला तशी इच्छाच होत नाही. म्हणजे हा वरचा आणि एन्क्रातेइया एक पायरी खाली असं झालं ना? मग पौलाने खालचा शब्द का घेतला?

हे मला इतकं का लागलंय ते पण सांगते. माझ्या वडिलांनी तंबाखू सोडून ११ वर्षं झाली, अजूनही कोणी शेजारी बसून चुना मळायला लागलं की ते उठून बाहेर जातात, आम्हाला वाटायचं राग येतो, पण एकदा म्हणाले की राग नाही गं, हात शिवशिवतो. आता हा माणूस अ‍ॅरिस्टॉटलच्या हिशोबात कमी भरतो का? मला ते पटत नाही. आणि मुलांना सांगायला इंद्रियदमनाऐवजी कुठला शब्द वापरू, संयम, आत्मसंयम, की अजून काही?

प्रतिसाद १

ताई, तत्त्वज्ञान शिकवायचो, आता रिटायर झालोय, जमेल तेवढं लिहितो.

अ‍ॅरिस्टॉटलचा भेद तुम्ही बरोबर पकडलाय, पण तो त्याचा आहे, सगळ्या ग्रीकांचा नाही. सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफोन, त्याच्या 'आठवणी' या पुस्तकात सॉक्रेटिस एन्क्रातेइयाला सगळ्या सद्गुणांचा पाया म्हणतो. पौल तर अ‍ॅरिस्टॉटलनंतर जवळपास ४०० वर्षांनी लिहितोय, तेव्हा ती वरची-खालची पायरी त्याच्यावर लादू नका. आणि वडिलांबद्दल म्हणाल तर त्याच ७व्या भागात अ‍ॅरिस्टॉटल नुसतं तग धरणं आणि एन्क्रातेइया यात फरक करतो, एक म्हणजे न हरणं आणि दुसरं जिंकणं, आणि जिंकणं त्याला जास्त मोलाचं वाटतं. उलट ज्याला कळतं पण वळत नाही तो अक्रातेस, त्याला तो अशा नगराची उपमा देतो जिथे कायदे सगळे चांगले आहेत पण एकही वापरात नाही.

आता दमन. त्या मुलाला सांगा की संस्कृतात दम् म्हणजे आधी माणसाळवणं. औताला शिकवायच्या वयाच्या गोऱ्ह्याला दम्य म्हणतात. गोऱ्ह्याला कोणी दाबून ठेवत नाही, त्याची ताकद हवीच असते, फक्त ती जुवाखाली यायला हवी. आणि गंमत म्हणजे ग्रीकमध्ये याच धातूचा सख्खा भाऊ आहे, दामाझो, होमरच्या इलियड महाकाव्याचा अगदी शेवटचा शब्द हेक्टरचं विशेषण आहे, घोडे माणसाळवणारा, त्यातला दाम् तोच. म्हणून मी तरी इंद्रियदमन टाकून देणार नाही, समजावून सांगेन.

धागाकर्ती

सर, खूप खूप आभार, गोऱ्ह्याचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या संघातली निम्मी पोरं शेतकऱ्यांच्या घरची आहेत, त्यांना हे लगेच कळेल. बाबांना पण वाचून दाखवलं. ते म्हणाले आमचा सर्जा शिकायला पूर्ण एक हंगाम लागला होता, पहिले १५ दिवस तर जू बघितलं की पळायचा, आणि मग बराच वेळ सर्जाबद्दलच बोलत बसले.

एकच अजून विचारते, तीताच्या पत्रात म्हाताऱ्या माणसांना जे सांगितलंय तिथे सोफ्रोन (म्हणजे सोफ्रोसिने असलेला) शब्द आहे असं दिसतंय, त्याला मराठीत काय म्हणावं? रविवारच्या आत सांगितलंत तर तेही घेईन.